बोलेल त्याचं काम

सभा सुरू होऊन तास होत आला, तरी पायऱ्यांचा विषय निघाला नव्हता. निघाला होता तो खुर्च्यांचा. वरच्या गल्लीने मांडलेल्या खुर्च्यांवर खालच्या गल्लीची माणसं आधी येऊन बसली, म्हणून वरची माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि उभ्याउभ्या टोमणे मारू लागली. यजमानांनी ताटकळायचं आणि पाहुण्यांनी पाय पसरायचे, ही कुठली रीत, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर खालच्यांपैकी एकाने, त्या मोडक्या पायऱ्यांवरून जीव मुठीत धरून आम्ही वर आलो, तुमचं काय झिजलं, असं विचारलं. झालं. सभेला रंग चढला.

मधली खिडकीजवळच्या बाकावर बसली होती, काठी मांडीवर आडवी ठेवून. थोरल्या भावाबरोबर ती राहायची त्या घराची ही पुढची खोली तिला लहानपणापासून पाठ होती, पण एवढी माणसं तिने इथे कधी पाहिली नव्हती. आणि एवढ्या माणसांत खरी घाई तिला एकटीलाच होती. पहिल्या तारखेच्या आत ती स्वतःच्या पायांनी खाली उतरली नाही, तर खालच्या गल्लीतलं तिचं शिवणाचं दुकान जाणार होतं.

दुकानाची जागा औषधवाल्यांची. माणूस वाईट नव्हता. मधली त्या पायऱ्यांवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्यानंतर वर्षभर त्याने बंद शटरकडे बघत दम काढला. "ताई, माझी खोकी फुटपाथवर येतायत हो," एवढंच म्हणून त्याने पहिल्या तारखेची मुदत दिली होती, तेही नजर खाली घालून. डॉक्टरांनी तिला चालायला, चढायला-उतरायला मोकळीक दिली होती, फक्त पायऱ्या नीट हव्यात आणि धरायला कठडा हवा. मोठ्या रस्त्याने वळसा घालून खाली जाता येत असे, पण त्याला गाडी लागायची आणि गाडीला माणूस लागायचं. थोरल्याने स्कूटरवरून सोडायचं कबूल केलं, पण पहिल्याच दिवशी त्याला स्लॅबचं काम आलं. दुसऱ्याच्या सवडीवर दुकान चालत नाही, हे मधलीला कुणी शिकवायला नको होतं.

"तर मंडळी," अध्यक्ष म्हणाले.

हे निवृत्त मुख्याध्यापक. तीन माणसं एकत्र दिसली की मधोमध उभं राहून 'तर मंडळी' म्हणायची त्यांना सवय, म्हणून सगळे त्यांना अध्यक्षच म्हणत. "तर मंडळी, पायऱ्यांचा प्रश्न गंभीर आहे, याबद्दल दुमत नाही."

"गेल्या सभेत पण नव्हतं," मागून आवाज आला.

"त्याच्या गेल्या सभेत पण नव्हतं," दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला.

नगरपालिका म्हणे, या पायऱ्या आमच्या नकाशातच नाहीत. खरंच होतं ते. दोन गल्ल्यांमधला तो चढ मधलीच्या वडिलांनी, स्वतःच्या हौसेने आणि स्वतःच्या हातांनी, दगड लावून बांधला होता. आता वरची गल्ली म्हणे, मोडल्यात त्या खालच्या पायऱ्या. खालची म्हणे, खचलंय ते वरून. आणि दोन्हीकडचे गवंडी म्हणजे मधलीचे सख्खे भाऊ: थोरला वर राहायचा, धाकटा खाली. थोरल्याने पायऱ्यांखालून सांडपाण्याचा पाइप नेला म्हणून त्या खचल्या, हे धाकट्याचं म्हणणं. धाकट्याने कडेचे दगड उचलून स्वतःच्या ओट्याला लावले म्हणून खचल्या, हे थोरल्याचं. या भांडणाला आता वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचंच झालं तर मधलीशी बोलत. आत्तासुद्धा थोरला आतल्या दाराशी उभा होता, धाकटा बाहेरच्या दाराशी, आणि दोघांची तोंडं शिवल्यासारखी बंद होती.

"मी असं सुचवतो," अध्यक्ष म्हणाले, "की आपण एक उपसमिती नेमावी."

उपसमिती म्हणजे पुढचा महिना. पुढचा महिना म्हणजे तिच्या मशीनच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची खोकी. तिने थोरल्याकडे पाहिलं. थोरला छताकडे बघत होता. धाकट्याकडे पाहिलं. तो नखं बघत होता. आणि एकाएकी तिच्या ध्यानात आलं की हे चेहरे आपण पूर्वी पाहिलेत, याच खोलीत, छत गळत होतं तेव्हा.

या घराचा एक कायदा होता. बाबांनी केलेला. बोलेल त्याचं काम. नळ गळतोय असं जो म्हणेल, त्याने नळ दुरुस्त करायचा. बाबांना वाटलं, पोरं हाताला वळण लावून घेतील. पोरांनी तोंडाला वळण लावलं. दोन पावसाळे छत गळलं आणि कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे मुकाट्याने ताट घेऊन कोरड्या कोपऱ्यात सरकत. आलेला पाहुणा अंगावर थेंब पडून दचकला, तर घरचे त्याच्याकडे असे बघत की बिचाऱ्याला आपल्यालाच काही झालंय असं वाटावं. थोरली वहिनी नवी नवरी म्हणून आली आणि दुसऱ्याच दिवशी, खिडकी नीट लागत नाही हो, असं म्हणून बसली. बाबांनी तिच्या हातात रंधा दिला. त्यानंतर वहिनीही या घरची झाली.

आईने त्या कायद्याला एक पुरवणी जोडली होती. बोलणाऱ्याने हात मागितला, तर नाही म्हणायचं नाही. पण हात मागायचा म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं, आणि ते या घरात आजवर कुणी केलं नव्हतं. पुरवणी कोरीच राहिली.

म्हणजे हे दोघं रागावून गप्प नाहीत, मधलीला वाटलं. घाबरून गप्प आहेत. जो आधी बोलेल त्याच्या गळ्यात काम, आणि कामाबरोबर दोषही. पाइपवाला बोलला तर पाइपामुळे खचलं, दगडवाला बोलला तर दगडांमुळे. आणि ज्यांच्या गळ्यात काहीच पडणार नाही ती बाकीची सगळी गल्ली तासन्‌तास मोकळेपणाने बोलतेय. तिला हसू आलं.

"पायऱ्या मी बांधते," मधली म्हणाली.

मग हातगाडीवाला म्हणाला, "ताई, पायऱ्यांना काज-बटण नसतं," आणि खोली हसून फुटली. अध्यक्षही हसले. हसले नाहीत ते फक्त दोघे. थोरल्याने छतावरची नजर खाली आणली होती. धाकट्याची नखं बघून झाली होती.

"हसा," मधली काठी टेकून उभी राहिली. "मला विटेवर वीट ठेवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या घरात बोलेल त्याचं काम असतं. मी बोलले. आता माझं काम. मला येत नाही, म्हणून मी हात मागतेय. अध्यक्ष, पहिला तुमचा."

"माझा? मी तर सभा चालवतोय."

"तुमचं अंगण पायऱ्यांच्या डोक्याला लागून आहे. वाळू आणि सिमेंट तिथे पडेल."

"अहो, पण तिथे माझ्या कुंड्या..."

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. उपसमिती नको."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आयुष्यभर त्यांनी मुलांना असंच उभं करून विचारलं होतं. "हो," ते म्हणाले, आणि स्वतःच चकित झाल्यासारखे खाली बसले.

"औषधवाले, खालून पाणी तुमच्या नळाचं."

औषधवाल्यांची मोठी पंचाईत झाली. पायऱ्या झाल्या तर खोक्यांसाठी हवं असलेलं गोदाम गेलं. हे त्यांना कळत होतं, मधलीला कळत होतं आणि खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "पाइप माझा लांब आहे," शेवटी ते म्हणाले. "वरपर्यंत पोचेल."

"आणि काज-बटणवाले, तुमची हातगाडी."

"घ्या की! ढकलायला मला पण घ्या!"

मग जे झालं ते मधलीच्या स्वप्नातही नव्हतं. माणसं तिच्या नजरेला नजर देऊ लागली. इतका वेळ जी मागच्या रांगेत सरकत होती ती पुढे यायला लागली. आमच्याकडे दोन घमेली आहेत, ताई. आमच्याकडे पहार आहे, कुणी मागतच नाही. माझ्याकडे काही नाही, पण मी रोज संध्याकाळी मोकळा असतो, बायकोला विचारा. कोपऱ्यातून थोरली वहिनी जवळजवळ ओरडलीच, "वन्सं, मला मागा ना काहीतरी! मी काय नुसता चहाच करू?"

"तुला रंधा धरता येतो," मधली म्हणाली. "फळ्या तासून दे. काँक्रीटला साचे लागतील."

वहिनीचा चेहरा असा फुलला की थोरल्याने तिच्याकडे वळून पाहिलं.

"आत्या, कठडा माझा," धाकट्याची मुलगी दारातून बापाच्या खांद्यावरून म्हणाली. ती ग्रिलच्या कारखान्यात वेल्डिंग करायची आणि बोलण्याच्या बाबतीत ती आईवर गेली होती. "मागायची वाट बघत नाही मी. बोलले."

राहिले दोघे. हे दोघं नाही म्हणाले, तर बाकी सगळ्या हातांचा उपयोग शून्य.

"दादा," ती म्हणाली. "वरून तू. धाकट्या, खालून तू."

"त्याला सांग," थोरला म्हणाला, "की माझ्या पाइपाचं नाव जर पुन्हा..."

"ताई, त्याला सांग, की माझ्या ओट्याकडे बोट..."

"मी कुणाला काही सांगणार नाही!" मधलीचा आवाज चढला. "इतकी वर्षं सांगतेय. मी हात मागतेय. आईची पुरवणी आहे. देताय की नाही देत?"

थोरल्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. काम सुरू करण्याआधी तो नेहमी तेच करायचा. मधलीने बाहेरच्या दाराकडे पाहिलं. तिथे धाकटा नव्हता. मग मोडक्या पायऱ्यांवरून धपाधप उतरणाऱ्या चपलांचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने खालून फावड्याचा खणखणाट.

"तर मंडळी..." अध्यक्ष उठले.

पण मंडळी केव्हाच दाराबाहेर पडली होती.

उत्साहाच्या भरात अक्कल गहाण पडते ती अशी. दुपारपर्यंत जुन्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत उखडून झाल्या. दगड सुटे होऊन दोन्ही कडांना रचले गेले, माती मोकळी झाली, औषधवाल्यांच्या पाइपाने तिचा चिखल झाला, आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की सभेला आलेली निम्मी खालची गल्ली वरच अडकलीय. जायला रस्ताच राहिला नव्हता. आधी होत्या त्या मोडक्या का होईना, पायऱ्या होत्या. आता शुद्ध चिखलाची घसरगुंडी होती.

"उत्तम!" अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत वळलेले होते आणि त्यांचा हा अवतार बघायला वर्गातली जुनी पोरं मुद्दाम येऊन जात होती. "आता मागे फिरायची सोयच नाही."

त्या दिवशी खालच्या माणसांना वरच्यांनी जेवू घातलं. सकाळी खुर्च्यांवरून भांडलेली माणसं एकाच ओट्यावर मांडीला मांडी लावून बसली आणि वाढणाऱ्याला, पुरे हो, पुरे, असं म्हणत ताट पुढे करत राहिली. मधलीने पायऱ्यांच्या डोक्याशी खुर्ची टाकून घेतली होती. तिचं जेवण तिथेच आलं. एक घास खाई आणि चार जणांना सूचना देई.

खरी ठिणगी जेवणानंतर पडली. थोरल्याने वरून दोरी सोडली आणि पहिल्या पायरीची उंची आखली. बाबांनी ठेवली होती तेवढीच. धाकट्याने खालून वर बघितलं, त्यालाही तेच माप. या एका बाबतीत दोघांचं न बोलता एकमत होतं.

"थांबा," मधली म्हणाली. गळ्यातली टेप तिने काढली. दुकान बंद पडून वर्ष झालं, तरी टेप तिच्या गळ्यातून निघाली नव्हती. "वहिनी, इकडे ये. त्या विटांवर पाय ठेव. जड जातंय?"

"जातंय थोडं."

"एक वीट काढा. आता?"

"आता बरं वाटतं."

मग तिने अध्यक्षांना बोलावलं. हातगाडीवाल्याच्या म्हाताऱ्या आईला बोलावलं, शाळेत जाणाऱ्या एका मुलीला बोलावलं. एकेकाला विटांच्या चवडीवर पाय ठेवायला लावून, टेप लावून, शिवणाच्या खडूने लाकडी पट्टीवर खूण करत गेली. माणसं हसत होती, रांग लावत होती. शेवटी ती स्वतः उठली. दुखरा पाय उचलला, ठेवला. आणखी एक वीट काढायला लावली. परत ठेवला. दुखलं नाही. शेवटची खूण तिने तिथे केली.

"ही उंची," ती म्हणाली.

"त्याला सांग... नाही, तुलाच सांगतो," थोरला म्हणाला. "अगं, असं माणसांच्या अंगावर माप घेऊन कुणी पायऱ्या बांधतं का? बाबांचं माप ठरलेलं होतं."

"बाबांनी पण माणसाच्या अंगावरच घेतलं होतं. स्वतःच्या." मधलीने पट्टी त्याच्यासमोर धरली. "किती उंच होते ते, आठव. दारातून वाकून यायचे. स्वतःच्या मापाचा शर्ट शिवला आणि दोन्ही गल्ल्यांना घातला. दादा, मी पडले तेव्हा तो दगड खचलेला नव्हता. मी त्याच्यावर पाय ठेवलाच नाही. माझा पाय पोचलाच नाही तिथपर्यंत."

चिखलातून पाइपाचं पाणी झुळुझुळु जात होतं.

"मी हे कुणाला बोलले नाही," मधली म्हणाली. "तुम्ही पाइप आणि दगड यांवर भांडत होतात. मला वाटलं, बाबांना नावं ठेवण्यापेक्षा ते परवडलं. नाही परवडलं. बाबांचं चुकलं. चांगले होते, आपल्यासाठी मरमर मेले, आणि पायऱ्या उंच बांधल्या."

या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मधलीला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. कोसळलं काहीच नाही. खाली धाकट्याने डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिला. थोरल्याने पट्टी हातात घेतली. खडूची शेवटची खूण अंगठ्याने चाचपली, पण पुसू दिली नाही.

"पायऱ्या वाढतील," तो म्हणाला. "दगड पुरणार नाहीत."

"माझ्या ओट्याला आहेत थोडे," खालून आवाज आला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. पण ऐकू मात्र सगळ्यांना गेलं.

पुढचे दिवस मधलीने खुर्चीवर काढले आणि तिला एकदाही खुर्चीवर बसल्यासारखं वाटलं नाही. कामावरून आलेली माणसं संध्याकाळी तशीच चपला झटकून कामाला लागत. वहिनीच्या रंध्याचा भुसा गल्लीभर उडत होता. भाची कारखान्यातून कठड्याचे तुकडे आणून जागेवर जोडायची आणि ठिणग्या उडाल्या की पोरं टाळ्या पिटायची. दोघं भाऊ मात्र कामापुरतेच बोलत. धर. सोड. वर घे. पाणी मार. मधलीमार्फत निरोप बंद झाले होते, पण निरोपांची जागा कशाने भरली आहे ते तिला कळत नव्हतं, आणि विचारायची तिला भीती वाटत होती. पायऱ्या होत होत्या. घर जुळत होतं की नाही, कोण जाणे.

अगदी वरची पायरी म्हणून बाबांचा सगळ्यात मोठा दगड लावायचा होता. चौघांनाही तो पेलत नव्हता. तो आदल्या रात्री अंधार पडेपर्यंत खालीच पडून होता. महिना संपत आला होता. मधली त्या काळजीत झोपली आणि सकाळी उजाडल्यावर दार उघडून बघते, तर दगड जागेवर. पाण्याच्या पातळीसारखा सपाट. गल्ली सामसूम.

"कुणी लावला?" तिने वहिनीला विचारलं.

"मला काय माहीत. पहाटे आवाज आला, मला वाटलं स्वप्न पडतंय."

मधलीने साडी नीटनेटकी केली, दुकानाची किल्ली कनवटीला लावली आणि कठड्याला हात घातला. वर वहिनी तोंडाला पदर लावून उभी राहिली. खाली दाराखिडक्यांतून माणसं आली. कुणी धरायला पुढे झालं नाही. तिनेच तशी ताकीद दिली होती. पहिल्या दगडावर चांगला पाय, मग दुखरा. मग पुढची. पाय ठेवावा तिथे पायरी हजर होती. अर्ध्यात ती थांबली, दमली म्हणून नव्हे, तर वर्षभराने खालच्या गल्लीचा वारा तोंडावर आला म्हणून. मग हसत हसत, जवळजवळ घाईनेच, ती उरलेल्या पायऱ्या उतरली.

शटरशी औषधवाले उभे होते. "ताई," ते म्हणाले, "माझी खोकी मी मागच्या खोलीत रचायला सुरुवात केलीय." आणि तिला काही बोलायची संधी न देता आपल्या दुकानात शिरले.

शटर वर गेलं. आतली धूळ उन्हात उडाली. मधलीने मशीनवरचं कापड काढलं, चाकाला तेलाचे दोन थेंब दिले, फडक्याने बाक पुसला. मान वर करते तो बाहेर रांग.

अध्यक्ष सर्वांत पुढे, पँटची घडी छातीशी धरून. "सभेची पँट आहे," ते हळूच म्हणाले. "दगड उचलताना मागून गेली." त्यांच्यामागे हातगाडीवाला, कोपरावर फाटलेला शर्ट. त्याच्यामागे भाची, ठिणग्यांनी जाळी झालेली सलवार हातात घेऊन. फाटलेले गुडघे, उसवलेल्या बगला, सुटलेल्या शिवणी. दोन्ही गल्ल्यांनी गेल्या दिवसांत अंगावरचं जे जे फाडलं होतं, ते सगळं तिच्या दारात आलं होतं. मधली हसत सुटली. एवढं काम तिला दिवाळीतल्या नव्या पडद्यांच्या हंगामातही कधी आलं नव्हतं.

रांग सरकत सरकत शेवटी दोघे राहिले. थोरला पुढे, धाकटा मागे. दोघांच्याही अंगात नुसती बनियन. थोरल्याने शर्ट मशीनवर ठेवला. उजव्या खांद्याला शिवणीसकट फाटलेला, कापडात दगडाची पांढरी भुकटी भरलेली.

"कसा फाटला रे दादा?"

"असाच."

धाकट्याने आपला शर्ट त्याच्या शेजारी ठेवला. डाव्या खांद्याला फाटलेला. तीच भुकटी.

मधलीने एकामागून एक दोन्ही शर्ट पाहिले. एकाचा उजवा खांदा, दुसऱ्याचा डावा. एका दगडाखाली, शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून चालल्याशिवाय असे फाटत नाहीत. तिने ते फाटकं कापड बोटांत धरलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने ते पुसलंही नाही.

"आणि हा?" तिने विचारलं.

"असाच," धाकटा म्हणाला.

"आत्ताच देते शिवून. बसा."

दोघं बाकावर बसले. बाक अरुंद होता, दोघांचे दंड एकमेकांना लागत होते.

"तिसरी पायरी थोडी तिरकी आलीय," धाकटा समोर बघत म्हणाला.

"तिरकी कुठे? पाणी जायला उतार दिलाय," थोरला म्हणाला. "तू लेव्हल तरी लावलीस का?"

"मी लावली नाही? मी? दादा, तुझा चष्मा बदल आधी!"

दोघांचे आवाज चढू लागले. मधलीने सुईत दोरा ओवला, चांगला पाय पायडलवर ठेवला आणि मशीन चालू केली.